बिस्किटांच्या डब्यातला स्लायडर

कीबोर्ड शिकवणाऱ्या कुणालाही माझं वाजवणं दाखवा, तो आधी माझ्या डाव्या हाताकडे बघेल आणि मग माझ्या तोंडाकडे. उजवा हात पट्ट्यांवर नीट चालतो, त्यात खोट काढायला जागा नाही. पण डाव्या हातानेही काहीतरी वाजवायचं असतं म्हणे. माझा डावा हात एकही पट्टी दाबत नाही. तो पेटीच्या भात्यावर वाढलेला हात आहे. माझे वडील नांदगावच्या बाजूला आमच्या गावात भजनाला पेटी वाजवायचे. तेव्हा बायकांनी भजनाला बसायची पद्धत नव्हती, म्हणून त्यांनी मला पडवीत बसवून शिकवलं. उजव्या हाताने सूर, डाव्या हाताने वारा. म्हणणारा एकटा म्हणत असला की भाता मऊ ठेवायचा, मागच्यांनी ओळ उचलली की भरून द्यायचा. हे असं सांगून येत नाही. हात ऐकतो आणि हातच करतो.

लग्न करून मी तोंडवलीच्या बाजूला आले. समुद्र इतका जवळ की वाळत घातलेले कपडे संध्याकाळी घडी करताना खारट लागतात. तिथे पेटीचं काही खरं नव्हतं. पावसाळ्यात सूर चिकटायचे, एखादा मध्येच रडत राहायचा, आणि नेमक्या चवथीच्या तोंडावर दुरुस्तीवाल्याकडे रांग लागायची. म्हणून आमच्या महिला भजन मंडळाने पुष्कळ वर्षांपूर्वी कीबोर्ड घेतला. त्याला डाव्या टोकाला आवाजाचा स्लायडर होता, एका खाचेतून वर-खाली सरकणारं काळं बटण. माझ्या डाव्या हाताने पहिल्याच दिवशी त्याच्यावर जाऊन जी बैठक मारली ती मारली. भाता गेला, स्लायडर आला. मंडळातल्या कुणाला फरक कळला नाही, आणि मलाही चार दिवसांनी कळेनासा झाला.

आमच्या मंडळाची बुवा म्हणजे माझी मोठी जाऊ. बुवा म्हणजे पुढे बसून भजन म्हणणारी. बाईमाणूस असली तरी तिला बुवाच म्हणतात. मी तिला वयनी म्हणते. वयनीचा आवाज असा होता की आमच्या ओटीवर तिने ओळ घेतली की पलीकडच्या वाडीतल्या बायका हातातलं काम टाकून टाळ शोधायला लागायच्या. चवथीच्या दिवसांत भजन घराघरांतून फिरतं. प्रत्येक घरच्या गणपतीसमोर दोन अभंग, एक गवळण, गजर, उसळ-पाव खायचा की पुढचं घर. वयनी पाचही दिवस म्हणायची आणि सहाव्या दिवशी मासळीवालीशी भाव करताना तिचा आवाज तितकाच खणखणीत असायचा.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, गोव्याला. गाठ गेली, जिवावरचं टळलं, आणि आवाजही गेला. महिनाभर ती कुजबुजतच बोलायची. नंतर आवाज आला, पण बारीक, मधूनच तुटणारा, सुती धाग्यासारखा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, पण पहिल्यासारखा येईल असं मी सांगत नाही. त्या वर्षीच्या चवथीला ती आजारीच होती, तेव्हा भजनात बसली नाही हे सगळ्यांनी धरून घेतलं. यंदा मात्र मंडळात चुळबूळ सुरू झाली. कुणी वाईट बोललं नाही, हे आधी सांगते. ‘तिला त्रास नको’ असंच जी ती म्हणत होती. पण ‘तिला त्रास नको’ याचा अर्थ ‘दुसरी कुणीतरी बसवा’ असा होतो, हे न कळण्याइतकी वयनी भोळी नाही.

श्रावणात सगळ्या जमल्या असताना तीच बोलली. “ह्या चवथीक मी म्हणतलंय,” ती म्हणाली. “लोकांका आयकाक इला तर बरां. नाय इला तर फुडल्या वर्षी मी टाळ घेवन मागे बसतलंय. कोणी माका सांगूची गरज नाय.” एवढं बोलून ती धापा टाकायला लागली.

मी मनात पक्कं केलं की हिचा आवाज ऐकू गेलाच पाहिजे. तो मोठा होणं माझ्या हातात नव्हतं. त्याच्या आड माझा सूर न येऊ देणं मात्र पुरतं माझ्या हातात होतं, आणि तेही डाव्या. मी प्राथमिक शाळेत उभा जन्म शिकवलं. अवघड मूल समोर आलं की मला हुरूप येतो. आमच्या घरातले म्हणतात, सुंभ जळेल पण हिचा पीळ जळणार नाही. म्हणू देत.

आणि नेमका तेव्हाच जुन्या कीबोर्डने मान टाकली. स्लायडर तर कधीपासूनच खरखरत होता. सरकवला की स्पीकरमधून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज यायचा. तो मी स्पिरिटचे थेंब सोडून, वर-खाली करून गप्प करायची. पण यंदा मधल्या आठ-दहा पट्ट्याच मुक्या झाल्या. आतलं रबर गेलं, आता मिळणार नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. त्याने उघडूनसुद्धा बघितलं नाही याचा मला राग आला, पण त्याचं खरं होतं.

वयनीचा मुलगा मुंबईला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आईवर त्याचा जीव. त्याला कळलं तसा तो चवथीच्या दहा दिवस आधीच रजा टाकून नवा कीबोर्ड घेऊन आला. नांदगावला उतरून रिक्षाने आला, खोका मांडीवर धरून. इतका हलका कीबोर्ड मी कधी उचलला नव्हता. पट्ट्या अशा की बोट घसरावं. पेटीचा सूर लावला तर डोळे मिटून ऐकणाऱ्याला फसवेल असा. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. मग डावा हात सवयीने टोकाकडे गेला आणि तिथे त्याला गुळगुळीत प्लॅस्टिक लागलं.

“आवाजाचं कुठाय?” मी विचारलं.

त्याने मध्ये एक गोल बटण दाखवलं. ते फिरवलं की पडद्यावर आकडा बदलतो. कितीही फिरवा, त्याला टोक लागत नाही. गोल गोल फिरतच राहतं. पूर्ण बंद झालं की पूर्ण चढलं हे हाताला कळतच नाही. पडद्यावर वाचायचं, आणि पडद्यावरचं वाचायला मला चष्मा लागतो. चष्मा लावला तर वयनी धूसर दिसते. दुसरा मार्ग म्हणजे फोन. फोनवर कीबोर्डचं चित्र येतं आणि त्यात स्लायडर काढलेला असतो. चित्रातला! मी त्याच्यावर बोट फिरवून बघितलं. बोटाखाली काच, नुसती काच. बोट जरा तिरकं गेलं की स्लायडर तिथेच आणि माझं बोट भलतीकडे.

पुतण्या मला समजावत बसला. तो हुशार आहे आणि नीट समजावतो, म्हणून त्याचा राग जास्त येतो. स्लायडरच्या आत काळी पट्टी असते, तिच्यावर एक इवलासा पाय घासत फिरतो. घासलं की झिजतं. त्यात आपली खारी हवा. म्हणूनच तर जुना तडतडायचा. आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये. घासायलाच काही नाही तर झिजणार काय? वीस वर्षांनीही आकडा तोच राहील.

“पण मला आकडा नको आहे,” मी म्हटलं. “मला वयनीच्या मागे जायचं आहे.”

“काकी,” तो हसून म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं, तसां तुझा झाला.”

मी त्याला लहानपणी अंघोळ घातलेली आहे. तो बोलतो आणि मी ऐकून घेते. पण त्या दिवशी ते लागलं.

त्याने उपाय मात्र काढला. कीबोर्डला चार लहान बटणं होती, प्रत्येकावर एक ठराविक आवाज साठवून ठेवता येत होता. पहिल्यावर बुवाच्या ओळीचा बारीक आवाज, दुसऱ्यावर मागच्यांच्या ओळीचा भरलेला. एक दाबलं की खाली, दोन दाबलं की वर. त्याने एवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण मला दाबायचाही त्रास नको म्हणून त्याने वयनीची गवळण फोनवर रेकॉर्ड करून घेतली, मात्रा मोजल्या, आणि असं काहीतरी जुळवलं की कीबोर्ड आपला आपणच एकवरून दोनवर जाईल. मला फक्त वाजवायचं. ऐकायला मलाही ते सोयीचं वाटलं. वयनीनेही मान डोलावली. आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही की भजन असं मोजून होत नाही. भजनात बुवा ओळ घेते ती मन भरेपर्यंत घेते. कधी दोनदा, कधी पाचदा. तिने हात वर करून खूण केली की मग मागच्या उचलतात. आमच्याकडे टाळ धरणाऱ्या पोरीलाही हे माहीत असतं, आणि तरी आम्ही ते विसरलो.

तालमीला सगळ्या आमच्या ओटीवर बसल्या. वयनीने गवळण सुरू केली. पहिली ओळ छान गेली, कीबोर्ड खाली, तिचा आवाज वर, बारीक पण स्पष्ट. मला वाटलं, जमलं. मग दुसऱ्या ओळीत तिला काहीतरी सापडलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एक जागा, सुरांचं एक वळण, तिच्या गळ्यातून नीट आली असावी, कारण तिचा चेहराच बदलला. ती जागा तिने परत घेतली. आणि तिसऱ्यांदा घ्यायला गेली तेव्हा मोजणी संपली आणि कीबोर्ड आपला आपण दोनवर गेला. मी पट्ट्यांवर तशीच बोटं ठेवून होते. सूर असा उसळला की वयनीचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

माझा डावा हात गेला. कुठे गेला ते विचारू नका. जिथे स्लायडर नव्हता तिथे गेला, दोनदा चाचपडला, मग गोल बटणावर आला, ते फिरवलं तर आकडा वरच गेला. तेवढ्यात ओळ संपली. मागच्या बायका जमिनीकडे बघत म्हणत होत्या.

वयनी थांबली नाही. तिने गवळण पुरी केली. मग उठली, म्हणाली, “पेटी बरी आसा,” आणि वाळलेले कपडे काढायला मागच्या दारी गेली. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

पुतण्यालाही वाईट वाटलं होतं. तो म्हणाला, मोजणी रद्द, मी मागे बसतो आणि फोनवरून आवाज कमी-जास्त करतो. मी म्हटलं, कर. दुसऱ्या दिवशी तसं केलं. त्याने ऐन गवळणीत बरं सांभाळलंही. मग त्याच्या ऑफिसातून फोन आला. कीबोर्डचं चित्र गेलं, पडद्यावर साहेबांचा फोटो आला, आणि आवाज होता तिथेच अडकला. तो फोन कापेपर्यंत दोन ओळी वाहून गेल्या. बायका हसल्या, तोही हसला. वयनीसुद्धा हसली. मी हसले नाही.

स्पीकर देणाऱ्या मंडपवाल्यालाही विचारून झालं. त्याच्या मिक्सरला स्लायडरच स्लायडर, ओळीने मांडलेले. तो माझा जुना विद्यार्थी. “बाई, तुमी नुसते वाजवा, मी हय बसान कमी-जास्त करतंय,” म्हणाला. पण चवथीत त्याची दहा ठिकाणी कामं. स्पीकर लावून तो पुढच्या घरी पळणार हे मला माहीत होतं, आणि राहिलाच असता तरी त्याच्या दृष्टीने आवाज कमी करणं म्हणजे देवाचा अपमान. त्यात ओळ ऐकून हात हलवायचा तर तो हात वाजवणारीचाच हवा. दुसऱ्याच्या हाताला कळेपर्यंत ओळ गेलेली असते.

त्या दुपारी मी जुना कीबोर्ड ओटीवर आणला, उलटा घातला आणि पेचकस घेऊन बसले. निम्मे स्क्रू गंजून जाम झाले होते. ते खोबरेल तेल सोडून, पेचकसावर वरवंट्याने ठोकून ठोकून सोडवले. घरातले एकेक येऊन बघून गेले. नवऱ्याने विचारलं, जेवणाचं काय. मी म्हटलं, पेज आहे, घ्या. पुतण्या दारात उभा राहून बघत होता.

“काकी, ह्याचां काय करतलंस?”

“स्लायडर काढणार.”

“आणि?”

“आणि नव्याला लावणार.”

“तसां लागणा नाय.”

“का लागत नाही ते मला सांग. मग मी ठरवेन.”

तो खाली बसला. आणि मग त्याने खरंच सांगितलं, पोराला शिकवावं तसं. नव्या कीबोर्डच्या आत काही करता येणार नाही. तिथे सगळं सॉफ्टवेअर. पण आवाज शेवटी वायरमधून बाहेर पडून स्पीकरकडे जातोच ना. त्या वायरवर मध्ये स्लायडर बसवला तर? बोलता बोलता तो गप्प झाला. त्याचे डोळे चमकले. शाळेत असताना मी त्याच्या डोळ्यांत हे बघितलेलं आहे. तो उठला, माळ्यावर चढला आणि कॉलेजातल्या दिवसांतलं सोल्डरिंगचं सामान शोधून खाली आला, अंगभर जळमटं घेऊन.

डबा मी दिला, बिस्किटांचा, पत्र्याचा. प्लॅस्टिकचा द्यायला गेले तर तो म्हणाला, पत्र्याचाच बरा, घरघर कमी येईल. झाकणाला खाच पाडायचं काम मी केलं, छिन्नी-हातोडीने. कडा बोटाला लागू नयेत म्हणून त्या दगडावर घासल्या. स्लायडर स्पिरिटने आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ केला. तडतड पुरती जाईना, म्हणून परत केला, आणि परत. पहिल्यांदा जोडला तेव्हा वायर उलट्या लागल्या, वर सरकवलं की आवाज कमी व्हायचा. पुतण्या म्हणाला, राहू दे, सवय होईल. मी म्हटलं, या हाताला आता नवी सवय लावायची नाही, काढ. त्याने मुकाट्याने काढलं.

संध्याकाळी दिवेलागणीला डबा तयार झाला. आत कीबोर्डचा आवाज सॉफ्टवेअरने एका ठिकाणी पक्का करून ठेवायचा, आणि बाहेर चढ-उतार या डब्यावर. डबा माझ्या डावीकडे पाटावर ठेवला. हात गेला आणि बटणावर टेकला. खाली नेला, सूर खाली. वर नेला, सूर वर. मध्ये कुठेही थांबवला तरी तिथलं तिथे. मी न बघता, चष्मा न लावता, खिडकीबाहेर माडांकडे बघत वाजवलं. पुतण्या ऐकत होता.

“झिजतलो, काकी,” तो म्हणाला.

“झिजू दे. मीही झिजतेच आहे.”

चवथीच्या दिवशी संध्याकाळी भजन आमच्या घरी होतं. पहिलंच घर आमचं. मुंबईची माणसं आलेली, ओटी भरून माणसं खाली अंगणात, खळ्यात बसलेली. मंडपवाला स्पीकर लावून, माझ्या नकळत एकदा वाढवून, पुढच्या घरी पळाला. मंडळाच्या बायका एकसारख्या साड्या नेसून बसल्या. वयनी नेहमीच्या जागी, माझ्या डावीकडे. आमच्या दोघींच्या मध्ये पाट आणि पाटावर डबा. दोन अभंग दुसरीने म्हटले. मग वयनी पाणी प्यायली, तिने पदर खांद्यावरून घेतला आणि गवळण सुरू केली.

माझं ठरलेलं होतं. तिच्या आवाजावर माझा सूर चढता कामा नये. ती बारीक झाली की मी तिच्याहून बारीक. डावा हात तिच्या श्वासाबरोबर सरकत होता. मागच्यांनी उचललं की वर, तिने घेतलं की खाली. खळ्यातली माणसं बोलायची थांबली. तिचा आवाज जात होता, सगळ्यांपर्यंत जात होता, हे मला त्यांच्या मानांवरून कळत होतं. मला इतका आनंद झाला की उजव्या हाताची एक जागा चुकली आणि कुणाला कळलीही नाही.

मग ती जागा आली. तालमीत तिला सापडली होती तीच. तिने ती घेतली आणि आवाज आणखी बारीक झाला. मी आणखी खाली गेले. तिने परत घेतली. टाळ वाजवणाऱ्यांनीही हात हलके केले. मी आणखी खाली. शेवटी बटण खाचेच्या टोकाला टेकलं. माझा सूर संपूर्ण बंद, बोटंही मी पट्ट्यांवरून उचलली. आता घरात फक्त वयनीचा आवाज होता, एकटा, आणि सगळं माणूस तो ऐकत होतं. हेच तर मला हवं होतं. मी मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. माझ्या तोंडावर नक्की फुशारकी असणार.

आणि आवाज हलला. अगदी थोडा, केसाएवढा, पण सुरावरून हलला. दुसऱ्या कुणाला नसेल कळलं, मला कळलं. वयनीने डोळे उघडले. ती गातच होती, पण तिची नजर काहीतरी शोधत होती. समोर गणपतीकडे नाही, माणसांकडे नाही. ती माझ्याकडे वळली. मग ओळ न तोडता तिने उजवा हात पुढे केला, माझा डावा हात बटणावरून बाजूला सारला, आणि स्वतःच्या अंगठ्याने स्लायडर वर सरकवला. थोडा नाही. चांगला अर्ध्यावर. मी ठेवला असता त्याच्या कितीतरी वर.

मला पट्टी दाबावीच लागली. सूर आला. तिचा आवाज त्याच्यात क्षणभर बुडाला, आणि मग त्याच सुराला धरून वर आला. तुटला, वर एका ठिकाणी स्पष्ट तुटला, सगळ्यांनी ऐकला. तिने तो तसाच सोडला आणि पुढची ओळ घेतली. अंगठा स्लायडरवरच होता. तिने दुसरा हात वर करून खूण केली तेव्हा मागच्या बायकांनी अशी ओळ उचलली की खळ्यातली पोरं दचकली.

गजर झाला. उसळ-पावाची ताटं फिरायला लागली. मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, वयनी, ऐकू तर येत होतं ना सगळ्यांना, मग वर कशाला केलंस?

ती पाव मोडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “लोकांका आयकाक येय होता. माका तू आयकाक येय नाय होतंस. तू नाय तर मी खंय आसंय तां माका कसां कळतला गो?”

आठ दिवस मी तिला वाट मोकळी करून द्यायला भांडत होते. सॉफ्टवेअरशी भांडले, पुतण्याशी भांडले, गंजलेल्या स्क्रूंशी भांडले. आणि तिला मोकळी वाट नको होती, बरोबर चालणारं माणूस हवं होतं. मोठा आवाज गेल्यावर माणसाला सोबत कमी लागत नाही, जास्त लागते. हे तिला तिच्या गळ्यातून कळत होतं आणि मला माझ्या शहाणपणामुळे कळत नव्हतं. मी ताटातली उसळ तशीच ठेवून तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि म्हणाली, “खा गो आधी. फुडला घर आसा.”

पुढच्या घरी पुतण्याने पाट मांडला, डबा ठेवला, वायरी जोडल्या. मी बसले आणि डावा हात पुढे केला. त्याच्याआधी तिचा अंगठा तिथे पोचला होता. तिने स्लायडर वर नेला, जरा खाली आणला, परत थोडा वर नेला आणि थांबवला.

“हां,” वयनी म्हणाली. “आता वाजव.”